लिनक्सवर लॉगिन पासवर्डचं हॅशिंग मजबूत करताना: नव्यांसाठी पायरी-पायरीने

लिनक्समध्ये लॉगिनचा पासवर्ड जसाच्या तसा कुठेही साठवलेला नसतो. साठवलेला असतो त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून आकडेमोड करून काढलेली, उलट फिरवता न येणारी अक्षरांची ओळ. तो /ईटीसी/शॅडो या फाइलीत असतो आणि साध्या युजरला ती फाइल वाचता येत नाही. मग हा हॅश आणखी मजबूत करायची उठाठेव कशासाठी? कारण फाइली फुटतात. बॅकअपची डिस्क भलत्याच्या हाती लागते, व्हर्च्युअल मशीनची जुनी इमेज कुठल्यातरी सर्व्हरवर पडून राहते, एखाद्या प्रोग्राममधल्या भोकातून कुणी तरी रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजर, होऊन बसतो. शॅडो फाइल एकदा बाहेर गेली की त्या माणसाला तुमच्या मशीनची गरजच उरत नाही. तो निवांत बसून, स्वतःच्या ग्राफिक्स कार्डांवर, एकामागून एक पासवर्ड हॅश करून जुळतोय का ते बघत राहतो. एका अंदाजामागे त्याला किती वेळ आणि किती मेमरी खर्चावी लागेल, एवढंच तुमच्या हातात असतं. तेही आधीच ठरवून ठेवावं लागतं.

सेटिंग बदलायला फार वेळ लागत नाही, एका फाइलीतला एक शब्द बदलायचा असतो. बहुतेक जण तिथेच थांबतात आणि काम झालं असं समजतात. पण तो शब्द फक्त यापुढे ठेवल्या जाणाऱ्या पासवर्डना लागू होतो. आधीचे हॅश जसेच्या तसे राहतात, कितीही वर्षं. म्हणून या लेखात सेटिंगला जेवढी जागा दिली आहे त्याहून जास्त जागा त्यानंतरच्या कामाला दिली आहे.

एक सूचना आधीच. कमांड, फाइलींची नावं आणि त्यांतले आकडे मी इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलवर ते सगळं रोमन लिपीत टाइप करायचं. मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळी लहान.

काय काय लागेल

- रूटचे अधिकार, म्हणजे सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) चालणारं खातं.
- दोन टर्मिनल. एकात रूट म्हणून लॉगिन करून ते शेवटपर्यंत बंद करायचं नाही.
- सर्व्हर दूर असेल तर त्याचा कन्सोल उघडता येतो का, याची आधीच खात्री. एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) तुटलं तर आत शिरायची तीच एक वाट उरते.
- लाइव्ह यूएसबी. बहुधा लागणार नाही, पण हाताशी असू द्या.
- एमकेपासडब्ल्यूडी हा छोटा प्रोग्राम, वेळ मोजायला. डेबियन आणि उबुंटूवर तो 'हूइज' नावाच्या पॅकेजमध्ये येतो. डोमेनची माहिती काढणाऱ्या प्रोग्रामसोबत हा का बांधलाय, हे विचारू नका. फेडोरावर त्याचं वेगळं पॅकेज आहे.

## १. आत्ता काय चाललंय ते बघा

शॅडो फाइल सरळ उघडून वाचायचा मोह टाळा. पडद्यावर आलेले हॅश टर्मिनलच्या इतिहासात राहतात, स्क्रीनशॉटमध्ये जातात. तुम्हाला हवीय ती फक्त पद्धतीची खूण. ती अशी काढता येते:

`सुडो कट -डी: -एफ१,२ /ईटीसी/शॅडो | कट -डी'$' -एफ१,२`

डॉलरभोवतीची एकेरी अवतरणचिन्हं गाळू नका, नाहीतर शेल त्या डॉलरचा भलताच अर्थ लावू शकतो. उत्तरात प्रत्येक ओळीवर युजरचं नाव, कोलन आणि खूण दिसेल. ती अशी वाचायची:

`$वाय` म्हणजे यसक्रिप्ट. `$६` म्हणजे एसएचए-५१२ क्रिप्ट, `$५` म्हणजे त्याचंच २५६ बिटांचं भावंड. `$२बी`, `$२ए` किंवा `$२वाय` म्हणजे बीक्रिप्ट. `$१` म्हणजे एमडी५ क्रिप्ट, आणि ते दिसलं तर आजच कामाला लागा.

कोलननंतर `*` किंवा `!` असेल तर त्या खात्याला चालणारा पासवर्डच नाही. सिस्टिमची खाती अशीच असतात, त्यांना हात लावू नका. `!` आणि त्याला लागूनच डॉलरची खूण असेल तर खातं कुलूपबंद आहे, पण जुना हॅश आत शाबूत आहे. कुलूप काढलं की तोच पुन्हा चालू होतो.

कोलननंतर काहीच नसेल, तर ते खातं बिनपासवर्डाचं आहे. हॅशिंग राहू द्या बाजूला, आधी तिथे पासवर्ड ठेवा.

आणि डॉलर नसलेली १३ अक्षरांची ओळ दिसली, तर तो डीईएसवर आधारलेला जुना युनिक्स हॅश आहे. तो पासवर्डची फक्त पहिली ८ अक्षरं बघतो. तुम्ही ३० अक्षरांचं वाक्य ठेवलं असलं तरी पहिल्या ८ नंतर काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

वितरण (उबुंटू, फेडोरासारखा लिनक्सचा डिस्ट्रो) जुन्यावरून नव्यावर अपग्रेड केलेलं असेल तर या यादीत हमखास खिचडी दिसते. उदाहरणार्थ, उबुंटू २०.०४ मध्ये एसएचए-५१२ ही नेहमीची पद्धत होती, २२.०४ पासून यसक्रिप्ट आली. अपग्रेडनंतर नव्या खात्यांवर `$वाय` दिसतं आणि जुनी खाती `$६` वरच असतात. यात बिघाड काही नाही. हॅशवरून मूळ पासवर्ड काढता येत नाही, म्हणूनच सिस्टिमला तो नव्या पद्धतीने आपोआप हॅश करता येत नाही.

## २. पद्धत ठरवा

थोडी पार्श्वभूमी उपयोगी पडेल. एमडी५ क्रिप्ट १९९४ चं, पॉल-हेनिंग कांप यांनी फ्रीबीएसडीसाठी लिहिलेलं. २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच ते आता सुरक्षित मानू नका असं जाहीर केलं. बीक्रिप्ट १९९९ चं, ओपनबीएसडीमधून आलेलं. एसएचए-५१२ क्रिप्ट उलरिक ड्रेपर यांनी २००७ मध्ये मांडलं आणि नंतर बरीच वर्षं बहुतेक डिस्ट्रो त्यावरच चालले. यसक्रिप्ट हे ओपनवॉल प्रकल्पाच्या सोलर डिझायनर यांचं. २०१३ ते २०१५ या काळात झालेल्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत अर्गॉन२ जिंकलं आणि यसक्रिप्टला विशेष उल्लेख मिळाला. २०२१ मध्ये डेबियन ११ आणि फेडोरा ३५ या दोघांनीही यसक्रिप्ट हीच नेहमीची पद्धत केली.

एसएचए-५१२ क्रिप्टमध्ये गणिती घोळ काही नाही. एकच आकडेमोड ते पुन्हा पुन्हा करतं, नेहमीच्या मांडणीत ५००० फेऱ्या. पण या आकडेमोडीला मेमरी नगण्य लागते. त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचे हजारो गाभे एकाच वेळी हजारो अंदाज तपासू शकतात. यसक्रिप्ट नेमकं इथे अडवतं. त्याच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक अंदाजाला १६ एमबी मेमरी लागते. तुमच्या मशीनला एका लॉगिनसाठी १६ एमबी म्हणजे काहीच नाही. पण एकाच वेळी १०,००० अंदाज चालवायचे तर फोडणाऱ्याला १६० जीबी लागतील, आणि तीही वेगवान.

माझं मत सरळ आहे: यसक्रिप्ट मिळत असेल तर तेच घ्या. मिळतंय का हे दोन गोष्टींवर ठरतं. लिबएक्सक्रिप्ट (हॅश काढणारी लायब्ररी) ४.३ किंवा त्यापुढचं हवं आणि लिनक्स-पॅम (लॉगिन आणि पासवर्ड सांभाळणारी यंत्रणा) १.४.० किंवा त्यापुढचं हवं. दोन्हींपैकी एक असून भागत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये दोन्ही जुनी आहेत, तिथे एसएचए-५१२ वर राहून फेऱ्या वाढवा. उबुंटू २०.०४ मध्ये लायब्ररीला यसक्रिप्ट येतं, पॅमला येत नाही, म्हणजे तिथेही तेच.

बीक्रिप्ट वाईट नाही, पण त्याची एक मर्यादा देवनागरीत पासवर्ड ठेवू बघणाऱ्याला चटकन लागते. ते पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं आणि काना, मात्रा, अनुस्वार ही वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे २४ चिन्हांतच मर्यादा संपते. तसंही लॉगिनचा पासवर्ड देवनागरीत ठेवू नये. मशीन नुसत्या काळ्या कन्सोलवर सुरू झालं तर तो टाइप कसा करणार?

## ३. किंमत मोजून ठरवा

यसक्रिप्टचा किंमत-आकडा, म्हणजे एका हॅशला किती वेळ आणि मेमरी लागावी ते ठरवणारा आकडा, १ ते ११ असतो आणि नेहमीचा ५. पाचाच्या पुढे दर पायरीला वेळ आणि मेमरी दोन्ही दुप्पट होतात: ५ ला १६ एमबी, ६ ला ३२, ७ ला ६४, ८ ला १२८. ११ ला पूर्ण १ जीबी. १ जीबी रॅमच्या छोट्या सर्व्हरवर ११ ठेवलंत तर आपल्याच मशीनमध्ये आपल्यालाच शिरता येणार नाही.

अंदाज बांधत बसू नका, मोजा:

`टाइम एमकेपासडब्ल्यूडी -एम यसक्रिप्ट -आर ७ चाचणी`

इथे `-आर` मधलं अक्षर मोठं, `-एम` मधलं लहान. यसक्रिप्टचं स्पेलिंग वाय-ई-एस आणि पुढे सी-आर-वाय-पी-टी. शेवटचा शब्द काहीही चालेल, फक्त खरा पासवर्ड टाकू नका, तो शेलच्या इतिहासात राहतो. ५, ६, ७, ८ असे आकडे बदलून बघा आणि 'रिअल' समोरचा वेळ वाचा. एकट्याच्या लॅपटॉपवर अर्धा सेकंद गेला तरी कळत नाही. ज्या सर्व्हरवर दिवसभर लोकांची ये-जा आणि सुडो चालू असतं तिथे त्याच्या निम्म्यातच थांबा. एकाच वेळी २० जण लॉगिन झाले तर ८ च्या किमतीला अडीच जीबी मेमरी क्षणभर अडकेल, हा हिशेब आधी करा.

एसएचए-५१२ वर राहणाऱ्यांसाठी हाच प्रकार फेऱ्यांच्या आकड्याने करायचा. किमान १०००, नेहमीच्या ५०००. वेळ फेऱ्यांच्या सरळ प्रमाणात वाढतो, त्यामुळे लाखाच्या घरात जायला हरकत नाही. मेमरी मात्र वाढत नाही, हे ध्यानात असू द्या.

## ४. परतीची वाट उघडी ठेवा

रूटच्या टर्मिनलमध्ये:

`सीपी -ए /ईटीसी/पॅम.डी /रूट/पॅम.डी-जुनं`
`सीपी -ए /ईटीसी/लॉगिन.डेफ्स /रूट/लॉगिन.डेफ्स-जुनं`

'जुनं' ऐवजी रोमनमध्ये काहीही लिहा. प्रत /रूट मध्येच ठेवा. /ईटीसी/पॅम.डी च्या आत ठेवली तर पुढे कधी तरी कोणती फाइल चालू आणि कोणती जुनी यावरून गोंधळ होतो.

पॅमची फाइल प्रत्येक लॉगिनच्या वेळी नव्याने वाचली जाते. मशीन किंवा एसएसएच पुन्हा सुरू करावं लागत नाही. याचाच दुसरा अर्थ, चूक झाली तर तीही फाइल जतन केल्याक्षणी लागू होते. म्हणून ते दुसरं टर्मिनल.

## ५. डेबियन, उबुंटू आणि त्यांच्या कुटुंबात

फाइल एकच: /ईटीसी/पॅम.डी/कॉमन-पासवर्ड. त्यात पॅम_युनिक्सची ओळ शोधा. साधारण अशी असते:

`पासवर्ड [सक्सेस=१ डिफॉल्ट=इग्नोर] पॅम_युनिक्स.एसओ ऑब्स्क्युअर एसएचए५१२`

शेवटचा शब्द बदलून यसक्रिप्ट करा आणि किंमत ५ पेक्षा वेगळी हवी असेल तरच पुढे `राउंड्स=७` जोडा. बाकी ओळीला हात लावायचा नाही. मध्ये यूज_ऑथटोक, ट्राय_फर्स्ट_पास असे शब्द असतील तर ते राहू द्या.

त्या चौकटी कंसातल्या `सक्सेस=१` कडे एकदा नीट बघा. त्याचा अर्थ, पासवर्ड बदलणं जमलं तर पुढची १ ओळ ओलांडून जा. ती पुढची ओळ असते पॅम_डिनाय, म्हणजे सरसकट नकार. कुणी तरी मध्येच एखादी ओळ घुसवली की हा आकडा चुकतो आणि बरोबर पासवर्डलाही नकार मिळतो किंवा नकाराची ओळ भलत्या वेळी ओलांडली जाते. म्हणून फक्त शब्द बदला, ओळ वाढवू नका.

ही फाइल पॅम-ऑथ-अपडेट नावाचं साधन सांभाळतं. तुमचा बदल ते पुसून टाकेल अशी भीती अनेकांना वाटते. मॉड्यूलपुढच्या पर्यायांमधले बदल ते जपतं. ओळीच नव्या घातल्या तर मात्र ते फाइल 'हाताने बदललेली' समजून पुढे त्यात काही करतच नाही.

आता दोन सापळे, दोन्ही अगदी नेहमीचे.

पहिला: आधी कुणी एसएचए-५१२ सोबत `राउंड्स=६५५३६` लिहून ठेवलेलं असतं. तुम्ही पद्धतीचा शब्द बदलता आणि तो आकडा तसाच राहतो. यसक्रिप्टसाठी राउंड्सचा अर्थच वेगळा आहे, तिथे ११ च्या पुढचा आकडा गैरलागू. आकडा काढा किंवा दुरुस्त करा.

दुसरा जास्त धोक्याचा: यसक्रिप्टचं स्पेलिंग चुकणं. पॅम_युनिक्सला शब्द ओळखता आला नाही तर ते लॉगमध्ये 'अनरेकग्नाइझ्ड ऑप्शन' अशी नोंद करतं आणि शब्द सोडून देऊन पुढे जातं. पासवर्ड बदलला जातो, लॉगिन होतं, सगळं छान दिसतं. फक्त हॅश तुम्ही ठरवलेल्या पद्धतीचा नसतो. जुन्या पॅमवर यसक्रिप्ट लिहिलं तरी हेच होतं. म्हणून सातवी पायरी कधीही गाळायची नाही.

## ६. फेडोरा, रेड हॅट आणि त्यांच्या कुटुंबात

इथे /ईटीसी/पॅम.डी मधल्या सिस्टिम-ऑथ आणि पासवर्ड-ऑथ या फाइली हाताने बदलू नका. त्या ऑथसिलेक्ट नावाच्या साधनाच्या ताब्यात असतात आणि ते पुढच्या वेळी तुमचा बदल खुशाल पुसून टाकेल. आधी काय चालू आहे ते विचारा:

`ऑथसिलेक्ट करंट`

उत्तरात प्रोफाइलचं नाव येईल आणि त्याखाली चालू असलेल्या सुविधा. त्या सुविधांची यादी जशीच्या तशी लिहून घ्या, लगेच लागणार आहे. मग त्याच प्रोफाइलवरून स्वतःचं बनवा. एसएसएसडी हे मूळ प्रोफाइल असेल तर:

`सुडो ऑथसिलेक्ट क्रिएट-प्रोफाइल माझं -बी एसएसएसडी`

नव्या फाइली /ईटीसी/ऑथसिलेक्ट/कस्टम/माझं या फोल्डरमध्ये तयार होतात. तिथल्या सिस्टिम-ऑथ आणि पासवर्ड-ऑथ, दोन्हींमध्ये 'पासवर्ड' या शब्दाने सुरू होणारी पॅम_युनिक्सची ओळ शोधून पद्धत बदला. एकीतच बदलून थांबलात तर पासवर्ड कुठल्या वाटेने बदलला यावर हॅश ठरेल, आणि मग शोधत बसाल. महिरपी कंसांतल्या अटी दिसतील, त्या ऑथसिलेक्टसाठी आहेत, त्यांना धक्का लावू नका. शेवटी:

`सुडो ऑथसिलेक्ट सिलेक्ट कस्टम/माझं`

यापुढे मघाशी लिहून घेतलेल्या सुविधा एकेक करून जोडा. त्या विसरलात तर बोटांच्या ठशाचं लॉगिन किंवा घराचं फोल्डर आपोआप तयार होणं अशा गोष्टी अचानक बंद पडतात आणि दोष हॅशिंगवर येतो. पुढे प्रोफाइलमध्ये आणखी बदल केलात तर `सुडो ऑथसिलेक्ट अप्लाय-चेंजेस`.

दोन्ही कुटुंबांत /ईटीसी/लॉगिन.डेफ्स ही फाइलही जुळवून घ्या. तिथे मोठ्या अक्षरांत `एन्क्रिप्ट_मेथड` असतं, त्यापुढे मोठ्याच अक्षरांत यसक्रिप्ट लिहा. किमतीसाठी `यसक्रिप्ट_कॉस्ट_फॅक्टर`, तेही मोठ्या अक्षरांत. पॅमच्या ओळीत पद्धत लिहिलेली असेल तर तीच चालते. लिहिलेली नसेल तर नवं पॅम इथे येऊन बघतं. दोन्हीकडे एकच असलेलं बरं.

## ७. चाचणी खात्यावर पडताळा

स्वतःच्या खात्यावर प्रयोग नको. एक नवं खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि पहिल्या पायरीतली कमांड पुन्हा चालवा. `$वाय` दिसायला हवं. किंमत लागू झाली का, हेही दिसतं. या खात्याचा हॅश कामाचा नसल्याने तो पूर्ण बघायला हरकत नाही:

`सुडो ग्रेप चाचणी /ईटीसी/शॅडो`

यसक्रिप्टचा हॅश `$वाय$जे९टी$` असा सुरू होतो. मधली ही तीन अक्षरं म्हणजे किंमत आणि मांडणी. नेहमीच्या ५ ला तिथे ९ असतो, ६ ला त्या ९ च्या जागी मोठं ए, ७ ला मोठं बी. तुम्ही ७ लिहिलं आणि अजून ९ च दिसतोय, तर आकडा पोचलेला नाही. एसएचए-५१२ मध्ये वाचणं आणखी सोपं, नेहमीच्या ५००० पेक्षा वेगळा आकडा ठेवला असेल तर `$६$` च्या लगेच पुढे `राउंड्स=` आणि तो आकडा लिहिलेला असतो.

मग तिसरं टर्मिनल किंवा कन्सोल उघडून त्या खात्याने खरोखर लॉगिन करा. चुकीचा पासवर्ड देऊनही बघा, नकार मिळायलाच हवा. हे कुणी करत नाही, पण पॅममध्ये हात घातल्यावर 'कुठलाही पासवर्ड चालतो' ही अवस्थासुद्धा शक्य असते. झालं की खातं काढून टाका.

## ८. जुने हॅश बदलून घ्या

स्वतःपासून सुरुवात करा. `पासडब्ल्यूडी` कमांड चालवून नवा पासवर्ड ठेवा. तोच जुना पुन्हा दिलात तर साध्या युजरला नकार मिळतो. रूटला ती आडकाठी नसते, म्हणजे पासवर्ड न बदलता फक्त हॅश नवा करायचा असेल तर `सुडो पासडब्ल्यूडी नाव` म्हणून तोच परत देता येतो. मात्र जुना हॅश एमडी५ किंवा डीईएसचा असेल तर तोच पासवर्ड पुढे चालवू नका. तो आधीच कुणी फोडला असेल तर नवा हॅश कितीही भक्कम असून काय उपयोग?

रूटच्या वाटेने दुसराच पासवर्ड ठेवताना डेस्कटॉपवर एक अडचण येते. ग्नोमची किल्ल्यांची पेटी, म्हणजे कीरिंग, लॉगिनच्या पासवर्डनेच बंद केलेली असते. युजरने स्वतः बदलला तर तीही सोबत बदलते. रूटने परस्पर बदलला तर पेटी जुन्याच पासवर्डवर राहते आणि मग प्रत्येक लॉगिनला ती वेगळा पासवर्ड मागत बसते. ईक्रिप्टएफएसने कूटबद्ध केलेलं होम फोल्डर असेल तर परिणाम याहून वाईट: फोल्डरच उघडत नाही. अशा ठिकाणी युजरनेच स्वतःच्या खात्यातून बदलावा.

रूटचा स्वतःचा पासवर्ड विसरू नका. सुडोची सवय लागली की रूटला पासवर्ड आहे हेच लक्षात राहत नाही आणि मशीन बसवलं त्या दिवशीचा हॅश तसाच पडून असतो.

इतरांसाठी:

`सुडो चेज -डी ० नाव`

चेजचं स्पेलिंग सी-एच-ए-जी-ई. याने पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलण्याची सक्ती होते. माणसांच्या खात्यांसाठी उत्तम. पण ज्या खात्यावर क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं चालतात किंवा ज्यावर एसएसएचच्या किल्लीने स्क्रिप्ट येऊन फाइली नेतात, त्यावर हे करू नका. पासवर्डची मुदत संपली की पॅम क्रॉनलाही थांबवतं, आणि रात्रीचा बॅकअप गुपचूप बंद पडतो. कुणी पासवर्ड कधी बदलला ते `सुडो चेज -एल नाव` ने कळतं. सर्वांना एकाच दिवशी सक्ती करण्यापेक्षा गटागटाने करा, नाहीतर सकाळभर तुमचा फोन वाजत राहील.

स्वयंचलित मांडणी वापरत असाल, म्हणजे अँसिबल, क्लाउड-इनिट, किकस्टार्ट यांपैकी काही, तर तिथल्या फाइलींतही डोकवा. त्यांत बऱ्याचदा तयार `$६$` हॅश लिहिलेला असतो. तो पॅमला वळसा घालून सरळ शॅडोमध्ये जातो. तुम्ही आज सगळं बदलाल आणि पुढच्या वेळी स्क्रिप्ट चालली की जुना हॅश परत हजर.

उलट दिशेनेही अडतं. `$वाय` हॅश असलेली ओळ जुन्या मशीनवर किंवा अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये नेऊन चिकटवली तर लॉगिन होणार नाही. अल्पाइनची मसल लायब्ररी यसक्रिप्ट ओळखत नाही. आणि युजर जर एलडॅपवरून (खात्यांची मध्यवर्ती यादी ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) येत असतील तर त्यांचे हॅश तुमच्या शॅडोमध्ये नसतातच. ते काम त्या सर्व्हरवर करायचं.

## ९. मागे उरलेल्या प्रती

खाती सांभाळणारी साधनं बदल करताना आधीची शॅडो फाइल /ईटीसी/शॅडो- या नावाने ठेवतात, शेवटी उणे चिन्ह असलेली. त्या बदलाच्या आधीचे हॅश तिच्यात असतात. सगळ्यांचे पासवर्ड बदलून झाल्यावर शेवटी चाचणीचं एक खातं काढून पुसलंत की तिच्यातली माहितीही ताजी होते. याशिवाय /व्हार/बॅकअप्स बघा, आणि ईटीसीकीपर (/ईटीसी मधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) वापरत असाल तर त्याचा गिटचा साठा, कारण त्यात प्रत्येक जुना हॅश इतिहासासकट असतो. तो साठा दुसऱ्या सर्व्हरवर ढकलला जात असेल तर आधी ते थांबवा. जुने बॅकअप पुसता येत नसतील तर निदान कूटबद्ध असावेत.

डिस्कच्या एलयूकेएस कूटबद्धीकरणाचा पासवर्ड आणि ग्रब या मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा पासवर्ड ही वेगळी प्रकरणं आहेत. या लेखातल्या कशानेही त्यांत फरक पडत नाही. तसंच, इंटरनेटवरून एकेक पासवर्ड टाकून बघणाऱ्याला हॅश अडवत नाही. त्यासाठी पॅम_फेललॉक किंवा फेल२बॅन. आणि पासवर्डच '१२३४५६' असेल तर यसक्रिप्टच्या ११ ने सुद्धा काही होणार नाही, फोडणारा तो पहिल्याच मिनिटाला टाकून बघतो.

## १०. बाहेरच अडकलात तर

उघडं ठेवलेलं रूटचं टर्मिनल असेल तर प्रश्नच नाही, /रूट मधली प्रत परत जागेवर ठेवा. ते बंद झालं असेल तर मशीन पुन्हा सुरू करून ग्रबच्या यादीत लहान अक्षरातलं `ई` दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी `इनिट=/बिन/बॅश` जोडा आणि कंट्रोल-एक्स. रूटचा शेल मिळेल, पण डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असेल. आधी:

`माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /`

मग प्रत परत ठेवा, `सिंक` चालवा आणि मशीन बंद करून चालू करा. ग्रबला पासवर्ड असेल किंवा डिस्कची मांडणी गुंतागुंतीची असेल तर लाइव्ह यूएसबीने सुरू करून, डिस्क जोडून हेच करता येतं. फेडोरा-रेड हॅट कुटुंबात अशा वाटेने फाइली बदलल्यावर `टच /.ऑटोरीलेबल` चालवायला विसरू नका. नाहीतर एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेच्या फाइलींवरच्या खुणा चुकतात आणि फाइली बरोबर असूनही लॉगिनला नकारच मिळतो. त्यानंतरचं पहिलं सुरू होणं बराच वेळ घेतं, मध्येच वीज बंद करू नका.